खासगी शैक्षणिक कर्ज, गेलेली नोकरी आणि वसुलीचे फोन

अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी घेतलेले कर्ज दोन प्रकारचे असते. केंद्र सरकार देते ते फेडरल कर्ज आणि बँका, पतसंस्था व वित्त कंपन्या देतात ते खासगी कर्ज. देशातले एकूण शैक्षणिक कर्ज पावणेदोन लाख कोटी डॉलरच्या घरात आहे आणि त्यात खासगी कर्जाचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आहे. हा वाटा वाढण्याची चिन्हे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणारे ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६पासून बंद करण्याची तरतूद २०२५च्या कायद्याने केली. त्यामुळे वैद्यकीय, कायदा किंवा व्यवस्थापनाची महागडी पदवी घेऊ पाहणाऱ्या अनेकांना खासगी सावकाराकडे वळावे लागेल.

दोन्ही कर्जांतला फरक पगार सुरू असेपर्यंत फारसा जाणवत नाही. तो कळतो नोकरी गेल्यावर. २०२२च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार, तर २०२३च्या जानेवारीत गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली, आणि नोकरकपातीची झळ तेव्हापासून पांढरपेशा, चांगल्या पगाराच्या घरांनाही बसू लागली. फेडरल कर्ज असलेल्याला अशा वेळी उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता मागता येतो, बेकारीच्या काळात हप्ते पुढे ढकलता येतात. खासगी कर्जाला यांतले काहीही लागू नाही. तिथे कर्जदाराला तेवढेच मिळते जेवढे करारात लिहिलेले असते. काही सावकार दोन-चार महिने हप्ता थांबवतात, पण व्याज चालूच राहते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती बहुतेक कर्जदारांना ठाऊक नसते. फेडरल कर्ज बुडीत गेले तर सरकार कोर्टात न जाता पगारातून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापून घेऊ शकते, प्राप्तिकराचा परतावा अडवू शकते, आणि १९९१पासून या वसुलीला कालमर्यादाही उरलेली नाही. खासगी सावकाराकडे यांतला एकही अधिकार नाही. त्याला पगाराला हात लावायचा असेल तर आधी दावा दाखल करावा लागतो, कर्ज सिद्ध करावे लागते आणि निकाल मिळवावा लागतो. तोवर त्याच्या हाती फोन, पत्र आणि क्रेडिट अहवालातली वाईट नोंद एवढेच असते. वसुलीचा फोन घेणाऱ्याने ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी, कारण फोनवरचा माणूस ती कधीच सांगत नाही.

नोकरी गेली त्या दिवसापासून पहिला हप्ता चुकेपर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा. या काळात कर्ज अजून मूळ सावकाराकडेच असते आणि त्याला ते बुडीत खात्यात टाकायचे नसते. म्हणून आधी त्याला लेखी कळवावे, नोकरी गेल्याचे पत्र जोडावे आणि काही महिने फक्त व्याज भरण्याची किंवा हप्ता कमी करण्याची सवलत मागावी. मिळालेली सवलत कागदावर घ्यावी. बहुतेक राज्यांत बेकारी भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, त्यामुळे त्यासाठीचा अर्ज लगेच करावा. कंपनीने निरोपाची म्हणून दिलेली रक्कम घाईने कर्जात ओतणे मात्र चुकीचे ठरते. घरभाडे, अन्न आणि आरोग्यविमा यांचा नंबर तारणाशिवायच्या कर्जाच्या आधी लागतो. खासगी शैक्षणिक कर्ज थकले म्हणून कोणी घरातून बाहेर काढत नाही, भाडे थकले तर काढतात.

बँक खात्याकडेही याच वेळी पाहावे. हप्ता आपोआप वळता होत असेल तर त्याच्या तारखेपूर्वी किमान तीन कामकाजाचे दिवस बँकेला सूचना देऊन तो थांबवता येतो. कर्ज आणि बचत खाते एकाच बँकेत किंवा पतसंस्थेत असेल, तर थकबाकीपोटी खात्यातली रक्कम परस्पर वळती करून घेण्याचा अधिकार त्या संस्थेला करारानुसार असू शकतो. शिल्लक दुसऱ्या बँकेत हलवणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि शहाणपणाचेही.

हप्ते थकत गेले की साधारण १२० ते १८० दिवसांनी सावकार कर्ज बुडीत म्हणून नोंदवतो. फेडरल कर्ज बुडीत ठरायला २७० दिवस लागतात, म्हणजे खासगी कर्जात उसंत कमी. करारातल्या कलमानुसार मग हप्ता नव्हे तर संपूर्ण शिल्लक रक्कम एकदम देय होते. पुढे दोन वाटा असतात. एक तर कर्ज कमिशनवर काम करणाऱ्या वसुली एजन्सीकडे सोपवले जाते, नाही तर थकीत कर्जे खरेदी करणाऱ्या कंपनीला विकले जाते. अशा कंपन्या दर्शनी रकमेच्या मानाने किती किंमत मोजतात हे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३च्या अभ्यासात दाखवून दिले. सर्व प्रकारची थकीत कर्जे धरून ही किंमत डॉलरमागे सरासरी चार सेंट निघाली. वीस हजार डॉलरच्या मागणीमागे खरेदीदाराची गुंतवणूक अनेकदा किती थोडी असते, याचा अंदाज यावरून यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कर्ज हातोहात विकले जाताना कागदपत्रे मागे राहतात. अनेकदा नव्या मालकाकडे नाव, पत्ता आणि रक्कम असलेल्या यादीपलीकडे काही नसते.

वसुली एजन्सीने कसे वागावे हे १९७७च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अॅक्ट या कायद्याने ठरवले आहे. त्याखालचे ‘रेग्युलेशन एफ’ हे सविस्तर नियम ३० नोव्हेंबर २०२१पासून लागू झाले. कर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर फोन करता येत नाही. एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त वेळा फोन केला तर तो छळ मानला जातो, आणि एकदा प्रत्यक्ष बोलणे झाले की पुढचे सात दिवस फोन करायचा नाही. ईमेल किंवा मेसेज नको असेल तर तो बंद करण्याची सोय प्रत्येक संदेशात द्यावी लागते. मालकाला चालत नाही असे सांगितल्यावर कामाच्या ठिकाणी फोन करता येत नाही, आणि नवी नोकरी नुकती लागलेल्यासाठी हा नियम मोठा आधार आहे. शेजारी, मित्र किंवा नातेवाइकाकडे फक्त ठावठिकाणा विचारता येतो, तोही सहसा एकदाच आणि कर्जाचा उल्लेख न करता. पती किंवा पत्नीशी बोलण्याची मुभा मात्र एजन्सीला आहे.

शिवीगाळ, खोटी रक्कम सांगणे, आपण वकील किंवा सरकारी अधिकारी असल्याचे भासवणे, अटकेची धमकी देणे हे सगळे या कायद्याने निषिद्ध आहे. खासगी कर्ज न फेडणे हा अमेरिकेत गुन्हा नाही. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाला व्हिसा रद्द करण्याची किंवा देशाबाहेर घालवण्याची भीती घातली जाते, तीही निराधार असते. थकीत खासगी कर्ज हा दिवाणी मामला आहे आणि त्याचा व्हिसाशी संबंध नाही. एक मर्यादा लक्षात घ्यावी. हा केंद्रीय कायदा मुख्यतः दुसऱ्यासाठी वसुली करणाऱ्यांना लागू होतो, स्वतःचेच कर्ज वसूल करणाऱ्या मूळ सावकाराला सहसा नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांच्या कायद्यांनी ही उणीव भरून काढली आहे.

पहिल्या फोनवर काय बोलायचे यापेक्षा काय बोलायचे नाही हे जास्त महत्त्वाचे. बोलणाऱ्याचे नाव, एजन्सीचे नाव, पत्ता आणि मूळ सावकार कोण हे विचारून लिहून घ्यावे, तारीख आणि वेळ टिपावी आणि सर्व व्यवहार पत्राने करण्यास सांगावे. ‘हो, कर्ज माझेच आहे, भरतो’ असे म्हणू नये, बँक खात्याचा नंबर देऊ नये, आणि सद्भावना म्हणून पंचवीस-पन्नास डॉलर तर अजिबात पाठवू नयेत. याचे कारण कालमर्यादेत आहे. खासगी कर्जासाठी दावा लावण्याची मुदत प्रत्येक राज्यात वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी ती तीन ते सहा वर्षांची आहे, काही ठिकाणी त्याहून जास्त. मुदत उलटून गेलेल्या कर्जासाठी दावा लावणे किंवा लावण्याची धमकी देणे वसुली एजन्सीला मना आहे. पण अनेक राज्यांत एक छोटी रक्कम भरली किंवा कर्ज लेखी मान्य केले की ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. फोनवरचा माणूस पंचवीस डॉलरसाठी इतका आग्रह धरतो त्यामागे पुष्कळदा हेच असते.

पहिल्या संपर्काबरोबर किंवा त्यानंतर पाच दिवसांत एजन्सीने लेखी नोटीस द्यायला हवी. तिच्यात मूळ सावकार, रक्कम आणि त्यात व्याज व शुल्क किती याचा हिशेब असतो. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. हे पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवावे आणि प्रत जपावी. पत्रात मूळ करारनाम्याची सहीसकट प्रत, कर्ज एकाकडून दुसऱ्याकडे कसे गेले त्याची कागदपत्रे आणि आजवर भरलेल्या हप्त्यांचा तपशील मागावा. या सगळ्या लढाईतले सर्वांत उपयोगी पत्र हेच, आणि बहुतेक लोक ते कधीच लिहीत नाहीत.

‘यापुढे माझ्याशी संपर्क साधू नका’ असेही लेखी कळवण्याचा हक्क कर्जदाराला आहे. त्यानंतर एजन्सीला संपर्क थांबवल्याचे किंवा विशिष्ट कारवाई करणार असल्याचे सांगण्यापुरताच संपर्क साधता येतो. छळ असह्य झाला तर हा उपाय वापरावाच. मात्र फोन थांबले म्हणजे कर्ज संपले असे नाही. बोलण्याचा मार्ग बंद झाला की एजन्सी थेट कोर्टात जाण्याची शक्यता वाढते.

कोर्टाचे समन्स आले की प्रकरणाचे स्वरूप बदलते. राज्यागणिक साधारण २० ते ३० दिवसांत उत्तर दाखल करायचे असते. घाबरून पाकीट न उघडणे ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या २०२०च्या अहवालानुसार, जिथली आकडेवारी उपलब्ध होती तिथे कर्जवसुलीच्या ७० टक्क्यांहून अधिक दाव्यांत प्रतिवादी हजरच न झाल्याने एकतर्फी निकाल लागले. अशा निकालात सावकाराचा पुरावा नीट तपासलाच जात नाही. उलट उत्तर दाखल झाले की कर्ज कोणाचे, रक्कम किती आणि दावा लावण्याचा अधिकार वादीला कसा मिळाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी वादीवर येते.

हा अधिकार सिद्ध करणे किती अवघड जाते याचे गाजलेले उदाहरण म्हणजे नॅशनल कॉलेजिएट स्टुडंट लोन ट्रस्ट्स. लाखो खासगी शैक्षणिक कर्जे एकत्र करून, त्यांवर रोखे काढून गुंतवणूकदारांना विकणारे हे पंधरा न्यास. त्यांच्या वतीने देशभर असंख्य दावे लावले गेले. कर्जे न्यासांकडे कशी आली हे दाखवणारी कागदपत्रे पुष्कळ प्रकरणांत सापडली नाहीत आणि असे दावे फेटाळले गेले. २०१७ साली ग्राहक वित्त संरक्षण विभागाने, म्हणजे कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोने, पुराव्याविना दावे लावल्याचा आणि खोटी प्रतिज्ञापत्रे केल्याचा ठपका ठेवून या न्यासांवर कारवाई सुरू केली. त्या दाव्यांतल्या ज्या कर्जदारांनी उत्तरच दिले नाही, त्यांच्याविरुद्ध मात्र कागद नसतानाही निकाल लागू शकले.

निकाल विरोधात गेला तरी सगळे संपत नाही. १९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार साध्या दिवाणी निकालापोटी हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात करता येत नाही, आणि आठवड्याचा पगार २१७.५० डॉलरपर्यंत असेल तर कपातच होत नाही. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत अशा कर्जासाठी पगाराला सहसा हात लावता येत नाही. बेकारी भत्त्याला राज्यांच्या कायद्यांचे संरक्षण असते; तो वेगळ्या खात्यात ठेवला तर सिद्ध करणे सोपे जाते. ४०१(के) या निवृत्ती खात्यालाही खासगी सावकारापासून संरक्षण आहे. म्हणून वसुलीच्या दडपणाखाली ते खाते मोडणे आतबट्ट्याचे ठरते. पैसे बाहेर काढले की संरक्षण जाते, कर लागतो आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आतल्या व्यक्तीला सहसा वर १० टक्के दंडही बसतो. निकालानंतर मालमत्तेची माहिती देण्यासाठी कोर्टाने बोलावले तर मात्र जायलाच हवे. तिथे गैरहजर राहणे हा कोर्टाचा अवमान ठरू शकतो आणि अटक होऊ शकते ती त्यासाठी, कर्जासाठी नव्हे.

तडजोड बहुधा शक्य असते. एकरकमी पैसे देणाऱ्याला मोठी सूट मिळू शकते, हप्त्यांनी देणाऱ्याला कमी. पैसे पाठवण्याआधी रक्कम, तारीख, ‘यातून संपूर्ण कर्ज फिटले’ हे वाक्य आणि सहकर्जदारही मुक्त झाल्याचा उल्लेख असलेले पत्र हाती घ्यावे. सूट मिळालेली रक्कम उत्पन्न समजून तिच्यावर कर लागू शकतो. २०२१ ते २०२५ या काळात शैक्षणिक कर्जातली सूट केंद्रीय करातून वगळली होती, ती सवलत आता सरसकट उरलेली नाही. मात्र सूट मिळाली त्या वेळी कर्जदाराची देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील, तर तसा अर्ज भरून कर टाळता येतो. तडजोड करून देतो म्हणून आगाऊ शुल्क मागणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहावे. फोनवरून ग्राहक मिळवणाऱ्या कर्जमुक्ती कंपन्यांना असे आगाऊ शुल्क घेण्यास २०१०पासून बंदी आहे.

दिवाळखोरीचा मार्ग अरुंद आहे. दिवाळखोरी जाहीर केल्यावरही सहसा माफ न होणाऱ्या कर्जांच्या यादीत २००५च्या कायद्याने खासगी शैक्षणिक कर्जही घातले. माफी हवी असेल तर ‘अवाजवी हालअपेष्टा’ सिद्ध कराव्या लागतात, आणि १९८७च्या ब्रनर खटल्यात ठरलेली त्यासाठीची कसोटी बरीच कडक आहे. परंतु प्रत्येक खासगी कर्ज या अपवादात बसत नाही, असा कौल न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०२१मध्ये होमैदान खटल्यात दिला. मान्यता नसलेल्या संस्थेसाठी किंवा शिक्षणाच्या ठरलेल्या खर्चापेक्षा जास्त दिलेले कर्ज माफ होऊ शकते. त्यामुळे कर्ज नेमके कोणत्या प्रकारचे आहे हे वकिलाकडून तपासून घेणे फायद्याचे असते.

सर्वांत जास्त ओढाताण होते ती सहकर्जदाराची. पदवीपूर्व शिक्षणाच्या खासगी कर्जांपैकी सुमारे नव्वद टक्के कर्जांवर दुसऱ्या कोणाची तरी सही असते, बहुधा आईवडिलांची. ही सही शिफारस नव्हे, पूर्ण जबाबदारी असते. मुलाचे हप्ते थकले की वसुलीचा फोन थेट आईलाही येऊ शकतो. मराठी कुटुंबांचा या विषयाशी संबंध इथे येतो. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकी बँक खासगी कर्ज देते तेव्हा बहुतेकदा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहकर्जदार मागते, आणि मग न्यू जर्सीतल्या मामाची किंवा कॅलिफोर्नियातल्या आतेभावाची सही लागते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर सहसा ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर मुलगा पुण्याला परततो आणि सगळे फोन मामाला जातात. अमेरिकी कोर्टाचा निकाल भारतात थेट अमलात आणता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली अमेरिका अधिसूचित देश नाही. सावकाराला इथे नवा दावा लावावा लागतो. पण त्याने मामाची सुटका होत नाही. परतणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वी मामाशी हप्त्यांबद्दल स्पष्ट बोलून घ्यावे.

कर्ज भारतीय बँकेचे किंवा वित्त कंपनीचे असेल तर सहकर्जदार आईवडील इथेच असतात आणि इथले नियम लागू होतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२च्या आदेशानुसार वसुली एजंटांनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना व मित्रांना त्रास द्यायचा नाही. तक्रार आधी बँकेकडे करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. घर तारण असेल तर मात्र सरफेसी कायद्याखाली कोर्टाबाहेर जप्तीची कारवाई होऊ शकते, म्हणून अशा कर्जात बँकेशी बोलणे लांबवू नये.

अमेरिकेत तक्रार ग्राहक वित्त संरक्षण विभागाकडे करता येते. २०२५पासून सरकारने या विभागाचे काम बरेच आखडते घेतल्यामुळे राज्याच्या अॅटर्नी जनरलकडेही तीच तक्रार पाठवावी. कायदा मोडणाऱ्या एजन्सीवर कर्जदार स्वतः एका वर्षाच्या आत दावा लावू शकतो. झालेल्या नुकसानीखेरीज एक हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते आणि दावा जिंकल्यास वकिलाचा खर्च एजन्सीला द्यावा लागतो. याच तरतुदीमुळे अनेक वकील अशी प्रकरणे कर्जदाराकडून पैसे न घेता चालवतात. बेकार माणसाला मोफत कायदेविषयक मदत देणारी केंद्रेही प्रत्येक राज्यात आहेत. समन्स हाती पडले की त्याच आठवड्यात तिथे जावे.